उलार गाडीचे दिवे

चंद्रपुरात मूल रोडवरच्या एका गॅरेजमध्ये रीता दुर्गे गाड्यांचं वायरिंग पाहायची. नवं गिऱ्हाईक आलं की हटकून विचारायचं, "मिस्त्री कुठी आहे?" रीता म्हणायची, "तुमच्या समोर उभी आहे. बोनट उघडा." आयटीआयमध्ये वर्गात ती एकटीच मुलगी होती. तेव्हापासून असल्या प्रश्नांचा तिला राग यायचा बंद झाला होता. उत्तर मात्र तयार असायचं.

२००६ च्या हिवाळ्यात तिला स्वतःचं दुकान दिसू लागलं. जंगलाच्या कडेला, मोहर्लीला अमर गेडाम यांचं पर्यटकांसाठी निवासस्थान होतं. त्यांनी एक जुनी परदेशी जीप विकत घेतली होती. तिचे पांढरे दिवे मागच्या ओझ्याप्रमाणे आपोआप खाली-वर होत, म्हणजे व्हायला हवे होते. पण त्यांचा उजेड समोरच्याच्या थेट डोळ्यांत जाई. "हे जमवलंस तं माह्या साऱ्या जिपा तुह्याकडं," अमरभाऊ म्हणाले होते. "दुकानाले जागाही देतो. पाहुण्यायचा सैपाक होते त्या रसोड्याच्या मागं."

रीताने सगळ्यांना सांगून टाकलं. गॅरेजमध्ये, घरी, भाजीवालीलाही.

तिने गाडी समोरच्या धानाच्या गिरणीच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. चावी फिरवली की दोन्ही दिवे एकदा खाली झुकून वर येत, म्हणजे दिवे हलवणाऱ्या मोटरी चालू होत्या. उजेडाची रेघ तेवढी वर होती. तिने स्क्रू फिरवून ती खाली आणली, प्लग साफ केले, गाडी देऊन टाकली.

चार दिवसांनी जीप परत आली. पद्मापूरजवळ एसटीच्या ड्रायव्हरने बस रस्त्यात आडवी घालून अमरभाऊंची पाहुण्यांदेखत आई-बहीण काढली होती.

"माह्या डोळ्यात सूर्य घालतं का म्हणे!" अमरभाऊ गाडीतून उतरता उतरता म्हणाले. "पाहुणे हासत होते, रीता. मी नागपूरले नेतो आता गाडी."

खुशाल गॅरेजमध्ये स्प्रिंग-पाट्यांचं काम करायचा. तो हातावर तंबाखू मळत म्हणाला, "रसोड्याच्या मागं दुकान म्हणे! आता रसोड्यातच जा, बाई."

रीताने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पुन्हा दिवे लावले. गिरणीच्या भिंतीवर रेघ जिथे तिने ठेवली होती, तिथेच होती.

"अमरभाऊ, बस भेटली तवा गाडीत कोण कोण होतं?"

"पाहुणे होते ना. मागं चार जण, त्याच्या मागं बॅगा. काऊन?"

"आन् माह्याकडं रिकामी घेऊन येता!"

"दिवे समोर आहेत, माणसं मागं बसतात. त्याचा इथी काय संबंध?"

रीताला संबंध ठाऊक होता. तिचे वडील नथ्थू भाड्याने बैलबंडी हाकत, धानाची पोती गिरणीवर आणत. मागे भार जास्त झाला की बंडी उलार व्हायची. जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास लागायचा. मग नथ्थू ओरडायचे, "रीते, पुढं ये!" पोरगी पोत्यांवरून सरपटत धुरेवर येऊन बसायची आणि जू खाली यायचं. बंडीचं वजन सारखं करणं हेच तिचं लहानपणीचं काम. आणि एवढं माहीत असून तिने गाडी रिकामी तपासली होती.

"खुशाल, मागं बस."

"मी?"

"तूच. तुह्या वजनाचा आज पहिल्यांदा उपयोग होऊन राह्यला."

खुशाल बसला. गिरणीवरचे तीन हमाल बसले, त्यांच्या पायाशी धानाची पोती टाकली. जीपची शेपटी दबली. तोंड वर उचललं गेलं, तेव्हा दिव्यांनी खाली झुकून रेघ जागेवर ठेवायला हवी होती. ती भिंतीवर चढत चढत पत्र्याला टेकली.

"उलटं चाललं हे," अमरभाऊ म्हणाले.

"उलटंच आहे," म्हणत रीता गाडीखाली शिरली.

मागच्या चाकाजवळ, गाडी किती दबली हे मोजणारी डबी होती. तिचा छोटा हात एका दांडीने चाकाच्या आसाला जोडलेला. तो हात पार पलीकडे उलटून बसला होता. कारण वर होतं, स्प्रिंगखाली. जाड रबरी पॅकिंग. जंगलच्या रस्त्यावर पोट घासू नये म्हणून या भागात गाडी आली की पहिल्यांदा तिची उंची वाढवतात. गाडी उचलली गेली, दांडी तेवढीच राहिली. त्या आखूड दांडीने डबीचा हात ओढून उलटवला. तेव्हापासून गाडी दबली की डबीला वाटायचं, उचलली.

"पॅकिंग कोणं टाकली?" रीताने खालूनच विचारलं.

मागच्या सीटवर तंबाखू मळणं थांबलं.

"अमरभाऊच म्हणे उंच कर," खुशाल म्हणाला.

"काढा मंग ते," अमरभाऊ म्हणाले. "पण पोट घासते ना, बाई."

"राहू द्या. दांडी वाढवते."

जुन्या सायकलच्या ब्रेकची दांडी तिने कापली. पॅकिंग जेवढी जाड, तेवढीच नवी दांडी जुनीपेक्षा लांब. दोन्ही टोकांना जुन्या दांडीचे रबरी बुश बसवले, डबीचा हात सरळ केला, स्क्रू पहिल्या जागी आणले. दिवेलागणीला पुन्हा भिंतीसमोर गाडी. खुशाल सांगण्याआधीच मागे जाऊन बसला, हमाल बसले, पोती चढली.

रेघ थोडी वर हलली आणि लगेच खाली आली. जिथे हवी तिथे थांबली.

"उतरा," रीता म्हणाली. ते उतरले. रेघ तिथेच. "बसा." तिथेच. हमालांना गंमत वाटू लागली. ते न सांगताच चढू-उतरू लागले, शेवटी गिरणीचा मालकही एकदा बसून गेला.

त्याच रात्री मोहर्लीला जाताना रीताने स्वतः गाडी हाकली. मागे खुशाल आणि हमाल, वजन म्हणून. पद्मापूरच्या पुढे समोरून एसटी आली. शेजारी बसलेले अमरभाऊ सीटमध्ये खाली सरकले. बसने दिवा मारला नाही, हॉर्न दिला नाही. आपल्या बाजूने सरळ निघून गेली.

"तोच ड्रायव्हर होता का?" खुशालने विचारलं.

"कोणी असो," अमरभाऊ वर सरकत म्हणाले. "रीताबाई, उद्या येऊन रसोड्यामागची जागा पाहून घे."

"तिथी नाई," रीता म्हणाली. "फाटकाजवळची द्या. रस्त्यावरून बोर्ड दिसला पाहिजे."

अमरभाऊंनी खुशालकडे पाहिलं. खुशाल म्हणाला, "द्या, भाऊ. नाई तं ही बाई आमाले उतरवून देईन, आन् तुमची गाडी पुन्हा रिकामी."

महिन्याभरात फाटकाजवळ बोर्ड लागला. त्यावर मिस्त्री हा शब्द तिने आपल्या नावापेक्षा मोठा लिहून घेतला.