काशीरामचा भागाकार

बोलण्याआधी काशीराम समोरच्याच्या पायांकडे बघत असे. तळेकोंडच्या शाळेत चौथीला मी त्याला शिकवलं, तेव्हाही असाच. भागाकार केला की न सांगता ताळा करायचा. ताळा जुळला तरी पाटी लगेच पुसायचा नाही, थोडा वेळ मांडीवर ठेवायचा.

पुढे तो रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन झाला. मी निवृत्त होऊन रत्नागिरीत आलो, तेव्हापासून महिन्यातून एखाद्या संध्याकाळी तो घरी येई आणि कामाचं सांगत बसे. त्याचं काम कुणाला दिसत नसे. मागच्या एका थंड खोलीत गावोगावचे फोन बाहेरच्या जगाला जोडलेले असत, तिथे तो बसायचा.

"गुरुजी, लहान गावाला दोन मेगाबिटची एक जोडणी पुरते," तो म्हणे. "तिच्यावरून एका वेळी तीस माणसं बोलतात."

जुनी यंत्रं आठ मेगाबिटची नाहीतर चौतीसची. आठमधून चार जोडण्या निघत, चौतीसमधून सोळा. दोनच्या पुढे दशांशात थोडं असतं, त्यामुळे भागाकारात अपूर्णांक उरे. तो सोडून द्यायचा. बारा वर्षं हा हिशेब एकदाही चुकला नव्हता.

२००१ साली काचेच्या तंतूची केबल आली. तिचं यंत्र एकशे पंचावन्नचं. त्याच्या प्रशिक्षणाला काशीरामला पाठवायचं होतं, पण तारीख पुढे गेली. यंत्र यायच्या आधीच साहेबांनी विचारलं, "किती जोडण्या निघतील?" काशीरामने भागाकार केला. पंचाहत्तर आणि वर अपूर्णांक. अपूर्णांक सोडला, ताळा केला, जुळला. गरज सत्तरची होती. पाच शिल्लक राहतील, असं त्याने कागदावर लिहून दिलं. त्या कागदाच्या भरवशावर गावागावांतली जुनी रेडिओ यंत्रं उतरवून दुसऱ्या जिल्ह्यात गेली.

नवं यंत्र आलं. त्याला त्रेसष्टच जोडण्या होत्या.

त्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि पायरीवरच बसला. "गुरुजी, मी पेटीचं माप घेतलं आणि आंबे मोजले. पेंढा धरलाच नाही."

वाटेत कुठेही हवी ती जोडणी सुटी काढता यावी म्हणून या यंत्रात प्रत्येक जोडणीला वेगळं गुंडाळतात, वर खुणेची चिठ्ठी लावतात. त्या सगळ्याला जागा लागते. जुन्या यंत्रांतही लागे, पण इतकी थोडी की अपूर्णांकात जिरून जाई.

"भागाकार बरोबर होता ना?" मी विचारलं.

"भागाकार बरोबरच होता," तो म्हणाला.

सात गावं गाळायची होती. तालुक्याची ठिकाणं सोडून लहान गावांची यादी साहेबांनी त्याच्यासमोर ठेवली. साहेब माणूस भला. म्हणाले, "काशीराम, तुझं तळेकोंड राहू दे. कुणी विचारणार नाही."

"चूक माझी आहे साहेब. पहिलं तेच जाऊ दे," असं म्हणून त्याने तळेकोंडवर स्वतःच्या हाताने काट मारली. दुसरं यंत्र यायला आठ महिने लागतील असं कळलं होतं.

तळेकोंडचे फोन गावातल्या गावात लागत राहिले. बाहेरचा फोन मात्र येईना की जाईना. काशीरामची आई सोनूबाई दर गुरुवारी गंगारामच्या दुकानात जाऊन बसायची. तिचा धाकटा रामा मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला होता, तो त्या दिवशी तिथे फोन करायचा. काशीराम गावी गेला की ती विचारी, "काय रं काशा, तू फोनवाला आणि आपल्याच गावाचा फोन मुका?"

गंगाराम दुकानातून हसायचा. "सोनूवैनी, तुझा झील मोठा सायब झालाय. गावाला विसरला."

खरं काय ते काशीरामने आईला सांगितलं नाही. "येईल आये, दिवाळीपर्यंत," एवढंच म्हणायचा.

श्रावणात रामाला कावीळ झाली. त्याच्या खोलीवरच्या विठूने सकाळी एक्स्चेंजमध्ये फोन केला. रामाला इस्पितळात ठेवलं होतं. "आयेशी बोलायचंय म्हणतो. सारखं तेच. वॉर्डातल्या सिस्टरबाई टेबलावरचा फोन देतायत. आयेला आण."

तळेकोंडला जाणारी एकच एसटी, मुक्कामाची. संध्याकाळी पोचते, सकाळी परत निघते. काशीरामने जीप शोधली, पण घाटात दरड आली होती आणि जीपवाले तयार नव्हते. दरड बाजूला झाल्यावर तो एसटीनेच गेला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला तो आईला घेऊन एक्स्चेंजमध्ये पोचला. तिने नवं लुगडं नेसलं होतं, जणू रामा तिला बघणार होता. साहेबांनी स्वतःची खुर्ची तिला दिली. विठूशी ठरल्याप्रमाणे अकराला फोन वाजला. काशीरामने रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

"रामा, बाळा," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडे विठू होता. रामा पहाटेच गेला होता.

काट आपणच मारली, हे काशीरामने त्याच दुपारी आईला सांगितलं. पंचाहत्तर, त्रेसष्ट, सगळं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, "सायब राहू दे म्हणत व्हता?"

"हो."

तिचा राग शब्दांत आला असता तर त्याला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

दिवाळीची तारीखही पुढे गेली आणि पुढच्या वैशाखात दुसरं यंत्र बसलं. तळेकोंडला पहिला फोन काशीरामनेच रत्नागिरीहून गंगारामच्या दुकानात लावला. गंगारामने आनंदाने ओरडून सोनूबाईला घरातून बोलावून घेतलं. ती दुकानाच्या पायरीपर्यंत आली, वर चढली नाही.

"त्याला म्हणावं, काय सांगायचं ते घरी येऊन सांग," ती म्हणाली. गंगारामने रिसीव्हर तिच्याकडे धरला होता, त्यामुळे काशीरामला ते ऐकू आलं.

तेव्हापासून तो दर शनिवारी मुक्कामाच्या एसटीने तळेकोंडला जातो. ती जेवायला वाढते, तो जेवतो. माझ्याकडे यायला त्याला आता वेळ होत नाही.