माझ्या फोनची खानदानी पिन

माझ्या नणंदेच्या साखरपुड्याचा मुहूर्त चुकला, त्याला हुंडा, मानपान, पत्रिका यांपैकी काहीही कारणीभूत नव्हतं. कारण होतं माझ्या फोनच्या बुडाशी असलेलं एक भोक.

हे भोक साधंसुधं नव्हतं. गावातल्या झाडून सगळ्या फोनना जी सी-टाइप पिन लागते, ती माझ्या फोनला चालायची नाही. त्याला कंपनीचीच, वेगळ्या घडणीची, नाजूक पिन लागायची. फोनच्या किमतीत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्याला नवं फर्निचर झालं असतं. (मी दातांची डॉक्टर आहे. आत्ताच सांगून ठेवते, कारण ऐन साखरपुड्यात मी हे फार मोठ्यानं सांगितलं होतं.)

"सगळ्या घराचं एका वायरीवर चालतंय, हिलाच तेवढी वेगळी लागती," माझा नवरा सुजित म्हणायचा.

"दर्जा म्हणतात त्याला," मी म्हणायचे.

"व्हय. दर्जा टेबलावर बंद पडून हाय बघ सकाळपासनं."

श्वेताचा, म्हणजे नणंदेचा, साखरपुडा शिरोळजवळ माझ्या सासरच्या मळ्यात ठरला. सुजितनं फोटोग्राफर सांगून ठेवला होता. मी तो रद्द केला! "माझ्या फोनचा कॅमेरा असताना कशाला हवा तो? 'मान वर, हनुवटी खाली' करत मुलीला रडकुंडीला आणतो," असं मी अण्णांना आणि अक्कांना, म्हणजे सासूसासऱ्यांना, पटवून दिलं. श्वेताला पटलं नव्हतं. पण तेव्हा ती वैनीच्या शब्दाबाहेर जात नसे. (आता जाते.)

सकाळी नऊला मळ्यावर पोचले आणि कामाला लागले. रांगोळी, रांगोळी डाव्या बाजूनं, फळांची ताटं, दोन म्हशी, उसापुढे मी, उसापुढे पुन्हा मी (पहिल्यात पदर नीट आला नव्हता). साडेअकराला पाहुण्यांची गाडी पाणंदीत वळताना दिसली, म्हणून फोन वर धरला, तर त्यानं लाल अक्षरांत कळवलं: चार टक्के.

पर्स उलटी केली. डबी, रुमाल, भिंग, सेफ्टी पिना, खोकल्याच्या गोळ्या. चार्जर नव्हता. तो कोल्हापुरात, दवाखान्याच्या भिंतीला लटकून विश्रांती घेत होता.

"एवढंच व्हय?" अण्णा म्हणाले. "वायरी मोप हायत घरात." आणि त्यांनी माझ्यापुढं वायरींचा भारा आणून टाकला. सगळ्या सी-टाइप! "ह्यावर माझा फोन चालतोय, अक्काचा चालतोय, बॅटरी चालती, दाढीचं मशीनबी चालतंय. तुझा कसा चालत न्हाय, बघतोच."

"अण्णा, दाबू नका!"

"आगं बसंल की! नवा हाय, म्हणून घट्ट असंल."

मी फोन हिसकावून घेतला. (सासऱ्यांच्या हातून, भर अंगणात, पाहुण्यांसमोर. कारण तोवर पाहुणे दारात आले होते.)

खरं तर पाहुण्यांना पाणी द्यायचं, गूळ द्यायचा, रस्ता कसा होता विचारायचं. अण्णांनी मुलाच्या मामांना खुर्ची दिली आणि थेट विषयालाच हात घातला.

"पावणं, तुमीच सांगा. माझ्या ट्रॅक्टरला शेजाऱ्याची ट्रॉली लागती का न्हाय?"

"लागती की."

"त्याच्या ट्रॅक्टरला माझी लागती. का? तर हुक एकसारखा हाय. उद्या एकेका कंपनीनं आपापला येगळा हुक काढला, तर ऊस काय डोक्यावरनं न्यायचा कारखान्याला?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "तसं नसतंय अण्णा. आमच्यात चार भाऊ, एका छताखाली. माझा चार्जर म्हणून कवा जाग्यावर घावायचा न्हाय. ह्यांच्याच कंपनीचा फोन घेतला, तवापासनं कुणी हात लावत न्हाय. आपली पिन येगळी, आपला कारभार येगळा!"

मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्या सुसंस्कृत घराण्यात श्वेता चालली होती!

"मामा, मग तुमची वायर असेल ना?"

"असंल न्हवं, हायच!" मामांनी झोकात खिशातून पांढरीशुभ्र वायर काढून माझ्या हातात ठेवली.

मी तिचं तोंड बघितलं. सी-टाइप.

"म्हैना झाला, नवा घेतलाय," मामा जरा चाचरत म्हणाले. "कंपनीनं आता हीच पिन दिलीय वाटतं. तुमचा... जुना दिसतोय." मग ते स्वतःच वायरीकडं बघत राहिले. "तरीच! तरीच धाकट्यानं परवा दोनदा उचलली!"

अण्णांच्या चेहऱ्यावर ऊसदराचं आंदोलन जिंकल्याचं तेज आलं. "म्हंजे कंपनीबी माझ्याच बाजूची हाय की!"

सुजित हसू दाबायला आत गेला आणि आत जाऊन मोठ्यानं हसला.

त्यानंतर मांडवात दोन तट पडले, आणि तेही मुलाकडचे-मुलीकडचे असे नव्हेत! अक्का माझ्या बाजूच्या निघाल्या ("माझ्या मिक्सरचं भांडं दुसऱ्या मिक्सरला बसतंय व्हय? मग?"), तर मुलाची आई अण्णांकडून भांडू लागली. उपाध्ये गुरुजी मधून मधून "मुहूर्त बारा वीसचा आहे" असं सांगत होते, ते कुणाच्याही कानावर जात नव्हतं. नवरामुलगा पाटावर एकटाच अंगठीची डबी उघडमीट करत बसला होता. श्वेता माझ्याजवळ आली. नटलेली, आणि डोळे भरलेले.

"वैनी, माझे फोटो येणार न्हाईत का गं?"

तेव्हा मात्र मला कळलं. माझ्या दर्जापायी हिच्या साखरपुड्याची एक आठवण उरणार नव्हती.

इतक्यात निजामभाई आले. स्टँडजवळ त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, अण्णांशी जुना घरोबा, आणि आले होते जेवायला. स्कूटरच्या डिकीतून त्यांनी एक तीन तोंडांची वायर काढली. पहिलं तोंड बसेना, दुसरं बसेना, तिसरं बसलं! फोन एका टक्क्यावर होता. आकड्याच्या बाजूला चार्जिंगची छोटीशी वीज चमकली.

"मॅडम, वायर जुनी हाय," निजामभाई म्हणाले. "हलवू नका. धा मिंटं हात लावू नका."

मी चार मिनिटं हात लावला नाही. पाचव्या मिनिटाला वीज दिसेनाशी झाली, म्हणून मी पिन जराशी आत दाबली. जराशीच!

टक्.

वायर हातात आली. पिनेचं टोक आतच राहिलं.

निजामभाई पुढं सरसावले. आणि त्या क्षणी माझ्यातली पदवीधर जागी झाली. "बाजूला व्हा," मी गरजले, "मी डेंटिस्ट आहे! तुटलेलं मूळ काढणं हे माझं रोजचं काम आहे!"

निजामभाई बाजूला झाले. मी सेफ्टी पिन उघडली, डोळ्याला भिंग लावलं, सुजितला बॅटरी धरायला लावली. सवयीनं फोनला "दुखलं तर हात वर करा" असंही म्हणाले. आता दोन्हीकडची माणसं माझ्याभोवती कोंडाळं करून उभी होती. पाटावरून नवरामुलगाही उठून आला. मी टोक डावीकडून उचकटलं, उजवीकडून उचकटलं, थोडा जोर लावला...

टोक आणखी आत गेलं. फोनचा पडदा एकदा उजळला आणि काळा झाला.

"गेला?" मामांनी टोपी काढत विचारलं.

"मुहूर्तपण गेला," उपाध्ये म्हणाले. "बारा सत्तावीस झाले. आता बारा पन्नासचा धरतो, पण त्या बाईंना आधी तिथनं उठवा."

बारा पन्नासला अंगठ्या घातल्या गेल्या. फोटो अण्णांनी काढले, त्यांच्या साध्या फोनवर, आणि प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला. श्वेता मात्र मनापासून हसतेय त्यात. तिला हसू कशाचं आलं होतं, ते मी विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर निजामभाईंनी माझा फोन मागून घेतला. आगकाडीच्या टोकाला डिंकाचा थेंब लावला, भोकात टेकवला, जरा थांबले, आणि अलगद बाहेर ओढला. टोक काडीला चिकटून बाहेर आलं! उचकटणं नाही, जोर नाही, भिंग नाही.

मी ओशाळून म्हणाले, "निजामभाई, फार उपकार झाले. काय देऊ तुम्हाला?"

"ह्याला काय द्यायचंय?" म्हणत ते उठले. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "आगं मनीषा, त्यांची दाढ ठणकालीय आठ दिस झालं. जेवतानाबी एकाच बाजूनं खाल्लं बघ. तूच काढून दे की, फुकटात."

"हो तर! आत्ताच बघते," मी म्हणाले आणि पर्समधून भिंग काढलं.

निजामभाईंनी आधी भिंगाकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. गालावरचा हात झटकन खाली घेतला.

"थांबली की, मॅडम," स्कूटरला किक मारत ते म्हणाले. "आत्ताच थांबली बघा!"

इतक्या वर्षांच्या माझ्या प्रॅक्टिसमध्ये, मी नुसती समोर उभी राहिल्यानं बरा झालेला तो एकमेव पेशंट!