ट्रॉलीवर झोपणाऱ्या केसपेपरबाई

आमच्या केसपेपरबाई दर सोमवारी सकाळी साडेसातला कॅज्युल्टीच्या दारात यायच्या, पर्स माझ्या हातात द्यायच्या, चपला काढायच्या आणि पेशंटला नेतात त्या ट्रॉलीवर सरळ आडव्या व्हायच्या. चादर गळ्यापर्यंत. "चल बबन. माझा खुबा मोडलाय. एक्स-रेला ने." धडधाकट बाई, पन्नाशीची, परळच्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची ऑपरेशन्स मॅनेजर! पहिल्या सोमवारी मी एवढा घाबरलो की आधी नाडी बघितली. ती पण चुकून माझीच.

पेशंट दारातून आत येतो तिथपासून घरी जातो तिथपर्यंत डॉक्टर आणि औषध सोडून जे काय लागतं ते सगळं बाईंच्या डोक्यावर. रांगा, लिफ्ट, चादरी, जेवणाचे ट्रे, आणि माझ्यासारखे वॉर्डबॉय. आमच्यात वॉर्डबॉयला मामा म्हणतात. मी लालबागचा बबनमामा, शाळेत पहिलीपर्यंत गेलो, आणि पहिलीत तीनदा गेलो.

तर बाई ट्रॉलीवर झोपून छताकडे बघत बोलत जायच्या. "ही ट्यूब थेट डोळ्यात जाते. इथं कुणीतरी पान खाऊन थुंकलंय, छताजवळ कसं पोचला तो? लिफ्टचा उंबरा बघ कसा लागतो, मोडलेल्या हाडाला विचार." मी ढकलायचो आणि सगळं लक्षात ठेवायचो. दुपारपर्यंत उंबऱ्यावर पत्रा बसलेला असायचा. एकदा मी विचारलं, "मॅडम, चालत फिरलात तर नाय दिसत हे?" तर बोलल्या, "उभ्या माणसाला हॉस्पिटल दिसत नाही रे. आडवं व्हावं लागतं."

केसपेपरबाई हे नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलेलं, टोमणा म्हणून. कारण बाईंनी सुरुवात केसपेपरच्या खिडकीवर केली होती. अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टरमधली पोर, बाप कारकून, ही पण कारकून. खिडकीवरून अ‍ॅडमिशनला, तिथून ओपीडीला, असं करत करत वर. एमबीए नाय, काय नाय. एका मीटिंगमध्ये एक सर्जन हसत बोलला, "मॅडम, तुम्ही खिडकीतून आलात ना?" मी चहा देत होतो तिथं. बाईंनी कप खाली ठेवला. "हो, खिडकीतूनच आले. दरवाजा तुम्ही लोकांनी अडवला होता." मी खुशीत येऊन त्यांच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतला. भरलेल्या कपात.

आता माझा पराक्रम सांगतो. कुठला पेशंट न्यायचा त्या चिठ्ठीवर नाव असायचं, वॉर्ड असायचा, आणि मला वाचता यायचं नाय. अकरा वर्षं मी चिठ्ठीच्या रंगावर आणि सिस्टरच्या तोंडाकडे बघून धंदा केला. एक दिवस वॉर्डात शांताबाई दोन. एकीला एक्स-रेला न्यायची, दुसरीला डिस्चार्ज. मी बरोब्बर डिस्चार्जवालीला उचलली. नवी साडी नेसलेली, पिशवी मांडीवर, ती ओरडतेय, "अरे मेल्या, मी घरी चाललेय!" मी बोललो, "सगळे असंच म्हणतात, मावशी." तिचा मुलगा गेटवर टॅक्सी थांबवून उभा, आणि खरी शांताबाई, तिचा खुबा खरंच मोडलेला, दोन तास तशीच उपाशीपोटी कण्हत पडलेली. हसू नका. तिच्या कण्हण्याचा आवाज मला अजून येतो.

चौकशी लागली. एचआरवाले दोघं फाईल घेऊन बसलेले, माझं कार्ड काढून ठेवलेलं. बाईंनी विचारलं, "चिठ्ठी वाचलीस?"

"वाचता येत नाय, मॅडम."

"मग विचारलंस काय तिला?"

"तुम्ही शांताबाई ना, असं विचारलं. ती हो बोलली. खोटं थोडीच बोलणार!"

एचआरवाला बोलला, "मॅडम, हा माणूसच चूक आहे. काढून टाका."

बाई बोलल्या, "आधी रस्ता तपासू, मग माणूस. एका वॉर्डात एका नावाच्या दोघी आहेत, हे सिस्टरला माहीत, मला माहीत, आणि ट्रॉली ढकलणाऱ्याला कुणी सांगत नाही. याला काढलात तर पुढच्या महिन्यात दुसरा बबन दुसरी शांताबाई नेईल."

त्या दिवसापासून हॉस्पिटलमध्ये नियम झाला. 'तुम्ही अमुक ना?' असं विचारायचं नाय. 'नाव सांगा तुमचं' असं विचारायचं, पूर्ण नाव पेशंटनेच सांगायचं, आणि मनगटाच्या पट्टीशी जुळवायचं. आता पट्टीशी जुळवायचं म्हणजे वाचणं आलं. मग बाईंनी मला चहाच्या सुट्टीत धरलं. वही नाय, पाटी नाय, भिंतीवरच्या पाट्या वाचायच्या. जगाची बाराखडी क पासून सुरू होते, माझी क्ष पासून झाली, कारण पहिली पाटी क्ष-किरण विभाग. सहा महिने लागले. मधेच मी विचारलं, "का एवढी दया करता माझ्यावर?" तर भडकल्या. "दया गेली खड्ड्यात! शांताबाईसाठी शिकवतेय. तू मध्ये आलास म्हणून तुला येतंय." मी कुणाला सांगितलं नाय की वाचता येतं. लाज वाटायची, बेचाळीसाव्या वर्षी पहिली पास झालो म्हणून.

पुढं त्यांनी मलाच सगळ्या ट्रॉल्यांचा इनचार्ज केला. एचआरवाला परत उभा राहिला, "याला? फॉर्म भरता येत नाही याला!" बाई बोलल्या, "त्याला या इमारतीचे सगळे रस्ते येतात. फॉर्म तुम्ही भरा, तुम्हाला तेवढंच येतं." इनचार्ज झालो त्या आनंदात मी पहिल्याच दिवशी तीन ट्रॉल्या एका वळणावर आणून अडकवल्या. बाईंनी वरून बघितलं आणि फक्त मान हलवली.

मग आले नवीन सीईओ साहेब. त्यांनी पाचव्या मजल्यावर हेल्थ चेकअपचं दुकान काढलं, सोफे, झाडं, फुकट ज्यूस. आणि हुकूम काढला की पुढची मोठी लिफ्ट आता चेकअपवाल्यांना. ट्रॉल्या मागच्या लिफ्टने जातील. मागची लिफ्ट म्हणजे किचनच्या मागून, उघड्या अंगणातून, मॉर्च्युरीच्या, म्हणजे मुडदाघराच्या, दारावरून. बाईंची सही लागत होती. बाईंनी केली नाय. साहेब बोलले, "फक्त चार मिनिटांचा फरक आहे, मॅडम. इगो करू नका."

"चार मिनिटं ना?" बाई बोलल्या. "मग झोपा. बबन नेईल तुम्हाला."

सगळी मीटिंग बघत होती, नाय कसं म्हणणार? साहेब कोट काढून झोपले. मी चादर गळ्यापर्यंत ओढली. उद्या माझी लिफ्ट, माझी माणसं, माझ्या बाई, सगळं या एका फेरीवर होतं. किचन आलं, फोडणीचा धूर साहेबांच्या नाकात. अंगणातल्या फरशा आल्या, साहेबांचे दात वाजले. वरून एसीचं पाणी कपाळावर टपकलं. आणि मग मी खाल्ली माती. त्या अंगणातून मी वर्षानुवर्षं ट्रॉली नेलेली, पण नेहमी एकाच कामासाठी. हातांना सवय. उजवीकडे लिफ्टला वळायच्या ऐवजी मी साहेबांना घेऊन सरळ डावीकडे वळलो. साहेब उताणे पडलेले, वर पाटी दिसली. असे काय उठून बसले!

"कुठे नेतोयस मला?"

"सॉरी साहेब. इकडनं जाणारे काय बोलत नाहीत, म्हणून कळलं नाय."

मागून चालत आलेल्या बाई शांतपणे बोलल्या, "साहेब, तुम्हाला निदान माहीत होतं की तुम्ही जिवंत आहात. तापात असलेल्या माणसाला हे दार दाखवायचंय का आपण?"

लिफ्ट वाचली. ट्रॉल्या आजही पुढूनच जातात. पण साहेबांना ती पाटी विसरता आली नाय. दोन महिन्यांत बाईंची पोस्ट रद्द झाली, 'नवीन रचना' म्हणून. मी बाईंना बोललो, "माझ्यामुळे झालं. मी उजवीकडे वळलो असतो तर..." बाई हसल्या. "गधड्या, उजवीकडे वळला असतास तर लिफ्ट गेली असती. लिफ्ट देऊन खुर्ची ठेवायची असती तर सही नसती केली मी?"

शेवटच्या दिवशी हॉलमध्ये गुच्छ, शाल, केक सगळं मांडलेलं. बाई तिथं गेल्याच नाहीत. केसपेपरच्या खिडकीवर जाऊन बसल्या आणि तासभर केसपेपर काढले. रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, "नवीन लागलीस काय गो?" बाई बोलल्या, "हो आजी. नाव सांगा तुमचं." मी बाजूला उभा राहून रडत होतो, तर एक पेशंट मलाच व्हीलचेअर आणून देत होता.

आता बाई दुसरीकडे एका छोट्या हॉस्पिटलात आहेत. तिथंही सोमवारी झोपतात, असं ऐकतो. इथं आमच्याकडे ती फेरी कुणी पुढं चालवू नये म्हणून मागच्या महिन्यात मेमो आला. साहेबांनी स्वतः माझ्या हातात दिला. कामाच्या वेळेत कोणत्याही कर्मचाऱ्याने ट्रॉलीवर झोपू नये, सोमवारची फेरी बंद, कारवाई होईल. मी अख्खा वाचला, शेवटच्या टिंबापर्यंत. मग साहेबांकडे बघून डोकं खाजवलं. "साहेब, मी अंगठाछाप माणूस. चांगलं काय लिहिलंय काय यात?"

आज सोमवार होता. साडेसातला मी चपला काढल्या, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि आमच्या ट्रॉलीवाल्या शिंदेमामाला बोललो, "चल. माझा खुबा मोडलाय." दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या उंबऱ्याचा पत्रा पुन्हा सुटलाय. लय लागला.