अंड्याच्या वासाची गोळी

तेव्हा माझी साठी नुकतीच उलटलेली, म्हणजे अक्कल यायची होती. फ्लूने ह्यांची फुप्फुसं सुजली म्हणून डोंबिवलीहून ठाण्याच्या रुग्णालयात आणलेलं. शेजारच्या खाटेवर दिवा गावचे एक आजोबा, तोच आजार. त्यांचा मुलगा एका जागी टिकत नसे. खाट ते दार, दार ते खाट, मध्येच खिडकी उघड, परत लाव. त्याला बघून मलाच धाप लागे.

एका सकाळी तिकडून कुजक्या अंड्यांचा वास आला. जन्मात अंड्याला हात न लावलेली मी फणकारले, "अहो, आजारी माणसाच्या उशाशी अंडी कसली सोलताय?"

"अंडं नाय काकू, गोळी आहे." त्याने फसफसणारा पेला दाखवला. "काकांना पण हीच देणारेत."

डॉक्टर म्हणाले होते, अँटिऑक्सिडंट देऊन बघू, फुप्फुसांची इजा कमी होईलच अशी खात्री नाही. ते म्हणजे ही गोळी! मी बावळट, आवळ्यासारखं काहीतरी सात्त्विक समजून बसलेली!

"हा वास सहन कसा होतो हो?"

"बाबा तोंड वाकडं करतात ना, त्यासाठी मीच पेला नाकाशी धरतो. तोंड वाकडं झालं की कळतं, श्वास आत जातोय."

दुपारी नर्सने ह्यांचा मास्क जरा बाजूला केला. मी पेला नाकाशी नेला. काहीच नाही. आजोबांच्या मुलाच्या येरझाऱ्या थांबल्या. मग ह्यांनी तोंड वाकडं केलं, अगदी माझ्या हातची भाजी खाताना करतात तस्संच! मी आनंदाने ओरडले.

"बघा," म्हणत तो पुन्हा चालायला लागला.