कस्तुरा ओव्हाळ, जर्मन सरदारीण

कासारवाडीच्या कस्तुराबाई ओव्हाळ ब्लाउज शिवत आणि माप कधीच घेत नसत. गिऱ्हाइकाकडे एकदा तिरकं बघायचं आणि कात्री चालवायची. ब्लाउज घट्ट झाला तर म्हणत, "शिलाई बराबर हाय, तू भात कमी खा." अशा बाईला अडवणं म्हणजे उताराला लागलेल्या ट्रकपुढे उभं राहून लायसन मागणं. त्यांचे यजमान भिवा यांनी लग्नानंतर ते एकदाच करून पाहिलं होतं.

भिवा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यात जर्मनांची भागीदारी होती, त्यामुळे १९७६ साली कामगारांना जर्मन कॅलेंडर मिळालं. दर महिन्याला चारशे वर्षांपूर्वीची एकेक सरदारघराण्यातली बाई. मार्चचं पान उलटलं आणि कस्तुराबाईंचं मशीन थांबलं. लाल मखमलीचा झगा, छातीवर सोनेरी पट्टे, फुगीर बाह्यांना जागोजागी चिरा आणि चिरांतून बाहेर डोकावणारं पांढरं कापड. हातमोज्यांनाही बोटांवर चिरा.

"बाई गरीब दिसतीया," भिवा म्हणाले. "बाह्या फाटल्यात तिच्या."

"फाटल्या न्हाईत, चिरल्यात. मोजा का चिरलाय? आतली अंगठी दिसाया. आपली शेजारीण नव्या बांगड्या भरल्या की दिसभर दारात पापड वाळत घालती, तसलीच ही."

कंपनीच्या स्नेहसंमेलनात बायकांची वेशभूषा स्पर्धा असे. साहेबांच्या बायका आपापल्या मर्जीनं झाशीची राणी नाहीतर भारतमाता होत. कामगारांच्या बायकांना मात्र वेल्फेअर ऑफिसर हिंदुराव वेश वाटून देत: भाजीवाली, कोळीण, मोळीवाली. मागल्या वर्षी मोळी कस्तुराबाईंच्या वाट्याला आली होती.

"ल्हानपनी डोईवर मोळी व्हतीच," त्या भिवांना म्हणाल्या. "आता इस्टेजवर बी तीच? यंदा मी ही बाई हुनार. आन् माइकवर तसंच पुकारलं पायजे."

पिंपरी कॅम्पातून पडद्याची मखमल आली. बँडवाल्याच्या जुन्या कोटाची सोनेरी पट्टी उसवून छातीवर बसली. बाह्या फुगवायला मशिनी पुसायचं कॉटन वेस्ट ठासून भरलं, त्यामुळे सरदारीणबाईंना ग्रीसचा मंद सुवास येऊ लागला.

अडचण एकच होती. चित्र कमरेशी संपत होतं. खाली काय, यावर गल्लीत वाद पेटला. कुणी परकर म्हणे, कुणी सलवार.

"एवढी मानाची बाई घोड्यावर बसत असनार," कस्तुराबाईंनी निकाल दिला. "घोड्यावर परकर नेसून बसती व्हय?" आणि खाली त्याच लाल मखमलीचा काष्टा बसवला.

संमेलनाच्या दिवशी त्यांना पाहून हिंदुरावांच्या हातातली, यंदाही त्यांच्यासाठीच आणलेली मोळी गळाली.

"बाई, जर्मन साहेबांच्या मॅडम परीक्षक आहेत. त्या काय म्हणतील?"

कस्तुराबाई मोळी ओलांडून स्टेजवर गेल्या. हिंदुरावांनी घाईघाईनं माइक धरला. "आता पाहू या, विनोदी वेशभूषा..."

मंडप हसला. कस्तुराबाई मधोमध उभ्या राहिल्या.

"हिंदुराव, नीट पुकारा. हसवाया न्हाई आले मी."

"अहो, जर्मन बाई काष्टा घालते का?"

"चितर कमरेपातुर हाय. वरलं तिचं, खालचं माझं. पुकारा."

मंडपातलं हसू हळूहळू आटलं. मॅडमनी शेजारच्या इंजिनिअरला विचारलं, काय चाललंय? त्याला काष्ट्याला जर्मन शब्द सापडेना. तिकडे विंगेत झाशीची राणी लाकडी घोड्यासकट ताटकळली होती. स्टेज अरुंद, आणि त्या दोन बाह्यांना वळसा घालून पुढे सरकण्याची सोय नव्हती. मागून भाजीवाली ओरडली, "पुकारा की वो सायेब, माझी मेथी सुकाया लागली."

हिंदुरावांनी घाम पुसला. "जर्मन सरदारीण," ते पडल्या आवाजात म्हणाले.

"नावासकट."

"जर्मन सरदारीण, श्रीमती कस्तुरा भिवा ओव्हाळ."

तेव्हा कुठं त्या हलल्या. चिरलेल्या हातमोज्यांतून अंगठ्या दिसतील असे हात पुढे धरून त्यांनी स्टेजला सावकाश एक फेरी मारली. पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या नाकालाही ग्रीसचा वास नीट पोचेल, इतकी सावकाश.

बक्षीस भारतमातेनं नेलं. भिवांनी सायकल आणली, पण बाह्यांमुळे कस्तुराबाईंना मागं बसता येईना. झगा उतरवायला त्या तयार नव्हत्या. मग भर हमरस्त्यानं दोघं चालत निघाली, भिवा सायकल ढकलत. वाटेत कुणी हसलं की कस्तुराबाई थांबत आणि आपण कोण ते त्याला नावासकट सांगत. कासारवाडीला पोचायला फार उशीर झाला.