सरजाबाईच्या वाट्याला आलेलं नाव

सरजाबाई सेलूच्या एका जिनिंगमध्ये कवडी वेचायला जायची. कापसाच्या ढिगापाशी दिवसभर बसायचं आणि पिवळा, किडका कापूस बाजूला काढायचा. साठीच्या पुढची, काटक, बोलायला कमी. आमच्या ख्रिस्ती मंडळीत मात्र तिच्या प्रार्थनेला मान होता. रेल्वे फाटकापलीकडं पत्र्याची एक खोली आहे, तिथं रविवारी आम्ही वीस-पंचवीस जण उपासनेला जमतो. कोणाचं लेकरू तापलं, कोणाचं काम सुटलं, की लोक पास्टरांच्या आधी सरजामावशीला सांगायचे. ती डोक्यावर पदर घेऊन गुडघ्यांवर बसली की उठायचं नाव घेत नसे. मी शाळेत शिकवते, त्यामुळं मंडळीत वाचायचं काम माझ्याकडं. मावशीला वाचता येत नाही, म्हणून ती माझ्या शेजारी बसायची.

दर नोव्हेंबरात एक रविवार आम्ही जगभर विश्वासापायी छळ सोसणाऱ्यांसाठी ठेवतो. बन्सीधर पास्टर त्या दिवशी चिठ्ठ्या आणतात. एकेका चिठ्ठीवर एकेका कैद्याचं नाव, वय आणि दोन-चार ओळी. त्यांच्या जिवाला धोका नको म्हणून देशाचं नाव नसतं. ज्याला जी चिठ्ठी येईल त्यानं वर्षभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची. गेल्या नाही, त्याच्या आदल्या नोव्हेंबरात मावशीच्या हातात जी चिठ्ठी आली, ती मी वाचून दाखवली.

"मर्याम. वय एकोणचाळीस. चार वर्षांपासून तुरुंगात."

"काय केलं तिनं?"

"घरात प्रार्थनेला जमले होते. सगळ्यांना धरून नेलं. 'मी येशूची नाही' एवढं म्हण, सोडून देतो, असं सांगितलं. ती म्हणाली नाही."

"येवढंच?"

"एवढंच, मावशी."

तिनं चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली आणि उपासना संपायच्या आधीच उठून गेली. असं तिनं कधी केलं नव्हतं.

त्यानंतर मावशी खचत गेली. मोठ्यानं प्रार्थना करायची बंद झाली. कोणी सांगायला आलं तर "दुसऱ्या कोणाला सांगा" म्हणायची. डिसेंबरात ती जिनिंगमधलं काम टाकून भर दुपारी घरी निघून आल्याचं तिचा मुलगा जीवन यानं मला सांगितलं. शाळा सुटल्यावर मी गेले. मावशी दारातच बसली होती. केसांना, भुवयांना कापसाचे तंतू तसेच चिकटलेले.

"ती येऊन बसायली," ती म्हणाली.

"कोण?"

"मर्याम. समोरच्या ढिगापाशी, बायांच्या मधी. माझ्याकडं पाठ करून. हाक मारली तर सगळ्या बाया वळल्या, तीच न्हाई वळली."

मी झोपेचं, जेवणाचं, डॉक्टरचं काहीबाही बोलले. ती ऐकत नव्हती.

"पाठ तानुबाईची हाय," ती म्हणाली. "तिचं मला तोंड आठवत न्हाई. पाठ तेवढी आठवती."

मग तिनं सांगितलं. मुलाकडं सेलूला येण्याआधी मावशी बोरीच्या पुढच्या एका खेड्यात राहायची. त्या गावात विश्वासात आलेल्या दोघीच. ती आणि तानुबाई. तानुबाईच्या घरी बुधवारी दुपारी दोघी बसायच्या. तानुबाईला थोडं वाचता यायचं. ती बोट ठेवून पवित्र शास्त्र वाचायची, मावशी ऐकायची. एका बुधवारी गावातली दहा-बारा माणसं दारात आली. ओळखीचीच. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय, तुम्ही त्या धर्मात गेलात का?

"तानुबाई माझ्या पुढं उभी व्हती. हो म्हनली. शांतपणी म्हनली. मग त्यांनी मला इचारलं, तू गं? मी म्हनले, मी शेळी बघायला आले व्हते. शेळी होतीच तिथं बांधलेली. वरून मी हसलेबी, राजेश्री. हसले. ते म्हनले, जा मग. मी निघाले. मागं पत्रे उचकटायचा आवाज आला. मी वळून बघितलं न्हाई."

तानुबाईचं घर त्या दिवशी मोडलं. आठवड्याभरात ती गाव सोडून गेली. मावशीही पुढं मुलाकडं आली. आठ वर्षं झाली. इथं सगळे तिला प्रार्थना करणारी म्हणून मानत होते आणि तिनं ते मानू दिलं होतं.

"त्या मर्यामसाठी मी कोणत्या तोंडानं मागू?" ती म्हणाली.

मी पास्टरांना तानुबाईचा पत्ता विचारला. ती पोखर्णीला लेकीकडं, माधवीकडं, असल्याचं त्यांना तिकडच्या मंडळीकडून कळलं होतं. जानेवारीतल्या एका शनिवारी मी मावशीला घेऊन निघाले. परभणीला गाडी बदलली. पोखर्णीला उतरल्यावर मावशी दोनदा थांबली. मी शेजारी उभी राहिले.

तानुबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. एक डोळा पांढरा पडलेला. मावशीनं नाव सांगायच्या आधीच तिनं मान वर केली.

"सरजा हायस का?"

मावशी खाली बसली. वाटभर पाठ केलेलं सगळं ती विसरली असावी, कारण ती एवढंच म्हणाली, "मी शेळी बघायला आले न्हवते."

"मला म्हाईत हाय."

"मी हसले."

"ऐकलं मी." तानुबाईनं हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे सुपात टाकले. "पत्र्याचं काय, पत्रे नवे आले. पण त्या टायमाला वाटलं, दोघी असतो तर भ्या कमी वाटलं असतं. मार खायचाच व्हता. एकलीनं खाल्ला."

मावशी रडली नाही. तोंडावर कोणी पाणी मारावं तशी बसून राहिली.

"तुझ्यासाठी रोज मागते मी," तानुबाई म्हणाली. "काही दिशी मागायला जमत न्हाई. मग नुसतं तुझं नाव घेते अन् बसते."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होते. माधवीनं चहा आणला. गाडीची वेळ झाली तसं तानुबाई म्हणाली, "सरजा, ऱ्हा आज." मावशी राहिली. मी एकटीच परतले.

ती चार दिवस तिथं होती. तिथं काय बोलणं झालं ते मला आजवर माहीत नाही. आल्यावर तिनं पास्टरांकडून रविवारची पाच मिनिटं मागून घेतली आणि सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. शेळी, हसू, सगळं. पास्टरांनी आमेन म्हणायला वेळ लावला. पुढं काही लोक तिच्याकडं प्रार्थना मागायला यायचे थांबले. मंडळीतल्या दोन बाया तर अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. मावशी याबद्दल कधी कुरकुरली नाही.

ती पुन्हा जिनिंगला जाऊ लागली. महिन्यातून एकदा पोखर्णीला जाते. मध्ये मी भीत भीत विचारलं, मर्याम अजून दिसते का.

"दिसती," मावशी म्हणाली. "अजून तोंड दावत न्हाई. येऊ दे. तिला तिथं कोन हाय?"

गेल्या नोव्हेंबरात पास्टरांनी सांगितलं, ज्यांना कैद्यांना पत्र लिहायचं त्यांनी लिहा. चिठ्ठ्या पाठवणाऱ्या संस्थेमार्फत जाईल, पण पोचेलच असं नाही. मावशी संध्याकाळी माझ्या घरी आली. मी वही घेऊन बसले.

"लिही," ती म्हणाली. "मर्याम, मी सरजाबाई. सेलूला ऱ्हाते. मला इचारलं तवा मी भ्याले. तू भ्याली न्हाईस, का भिऊनबी बोललीस, ते मला म्हाईत न्हाई. तुझं नाव मी रोज घेते. माझ्या मैत्रिणीलाबी सांगितलंय."

मी खाली तिचं नाव लिहिलं. तिनं अंगठ्यानं ते दाबून पाहिलं, शाई वाळली का म्हणून.

"तिचंबी टाक," ती म्हणाली. "तानुबाई, पोखर्णी. तिनं टाकायला सांगितलंय."

मी टाकलं. पास्टरांनी पाकीट पुढं पाठवलं. त्याला आता चार महिने होत आले. उत्तर आलेलं नाही.