नंबर नसलेली शेगडी

लख्खबाईची विजेची शेगडी बंद पडली ती ऐन जेवणाच्या वेळेला, बटाटे अर्धेकच्चे असताना. बाईने झाकण काढून सुरी टोचली, तर सुरी मध्येच अडली. बटण पुढे फिरवलं, मागे फिरवलं. लाल दिवा काही लागेना. मग तिने शेगडीच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या, ठसका लागलेल्या माणसाला मारतात तशा. शेगडीने हूं की चूं केलं नाही. बाईने ते बटाटे तसेच मीठ लावून खाल्ले. टाकवणार कसे?

लख्खबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं. एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म भांडी घासली. पातेली अशी, की आत उतरल्याशिवाय तळाला हात पोचायचा नाही. ती उतरायचीसुद्धा, बाह्या वर सारून. तिथला आचारी मोठा खवचट. घासलेलं भांडं खिडकीशी नेऊन त्यात स्वतःची मिशी बघायचा. मिशीचा केस न् केस दिसला तरच भांडं पास. बाईचं भांडं त्याने कधी परत पाठवलं नाही. "ही बाई नाही, ही लख्खबाई आहे," असं तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिला त्या नावाचा राग नव्हता. उलट बढती मिळावी तसं तिने ते मिरवलं. नोकरी सुटली, पण हाताची खोड सुटली नाही. घरातले नळ, खिडकीचे गज, दाराची कडी, चपलांचे तळवे, सगळं चमकायचं. नवरा म्हणायचा, "मी एका जागी फार वेळ बसत नाही बाबा. ही मलाही घासून टाकेल." तो चौकीदार होता. नोकरी संपली तेव्हा हातात आलेल्या रकमेतून त्याने ही शेगडी आणली. वर चार कॉइल, खाली ओव्हन, त्याच्याखाली भांड्यांचा खण. भाड्याच्या दोन खोल्या, तिसरा मजला. घरमालकाने गॅस आणायला सक्त मनाई केलेली, कारण शेजारची इमारत कधीतरी गॅसने जळाली होती. या शेगडीसाठी नवऱ्याने वेगळी जाड वायर ओढून घेतली होती.

दुकानात शेगडीसोबत त्यांच्या गळ्यात एक प्लॅनही पडला. विकणारा पोरगेलासा होता, बोलायला लोण्यासारखा. "काका, बिघडली तर आमचा माणूस घरी येऊन दुरुस्त करणार. दुरुस्त नाहीच झाली तर नवी देणार. तुम्ही निर्धास्त राहायचं." नवरा गेला, पण प्लॅनचा हप्ता चालू राहिला. दर महिन्याला पेन्शन आली की आधी भाडं, मग वीज, मग प्लॅन, आणि त्यानंतर खाणं. खालच्या मजल्यावरची शेजारीण हसायची. "लख्खताई, न बिघडणाऱ्या वस्तूचा कसला हप्ता भरतेस गं?" बाई म्हणायची, "न मेलेल्या माणसाचा विमा भरतात ना? तसंच."

म्हणून शेगडी बंद पडली तेव्हा बाई घाबरली नाही. खरं तर घाबरायला मोठं कारण होतं. मुलगा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. बाई एकटी राहते हे त्याच्या जिवाला खायचं. मागे ती आजारी पडली होती तेव्हा मायलेकांत एक करार झाला होता. "आई, तू आपल्या हाताने करून खातेस तोवर राहा तिथे. पाव-बिस्किटांवर दिवस काढायला लागलीस, की मी गाडी घेऊन येणार. मग एक शब्द ऐकणार नाही." बाईने मान डोलावली होती. आपल्या हाताने करून खाणं तिला कुठे जड होतं? तिच्या दोन खोल्या, तिची खिडकी, तिचं पातेलं. या सगळ्याचा दोर आता त्या शेगडीला बांधलेला होता, आणि शेगडी प्लॅनला.

तिने प्लॅनवाल्यांना फोन लावला. आधी एक यंत्र बोललं, एक दाबा, दोन दाबा. बाईने सगळं दाबलं. शेवटी एक मुलगी आली. तिचा आवाज गोड होता, पण थंड. म्हणाली, माणूस गुरुवारी येईल, सकाळी ते संध्याकाळी कधीही.

बुधवारी बाईने शेगडी घासली. परक्या माणसासमोर मळकी शेगडी कशी ठेवायची? कॉइल काढून घासल्या, खालचे वाडगे घासले, खण ओढून त्याच्यामागची चौकटही घासली. ती तर ती दर आठवड्याला घासायचीच.

कंपनीचा मेकॅनिक दुपारी आला. तरुण होता, जिने चढून दमलेला. त्याने शेगडी बघितली आणि म्हणाला, "मावशी, ही नवी दिसते की!"

"नवी नाही रे बाबा. ठेवलीय नव्यासारखी," बाई म्हणाली. तिचा चेहराच लख्ख झाला.

"पाणी देता का थोडं?"

"चहाच दिला असता. पण त्यासाठी आधी तूच ही दुरुस्त करायला हवी."

मेकॅनिक हसला. खाली बसला, खण ओढून बाहेर काढला आणि टॉर्च मारला. "आधी नंबराचा फोटो काढतो. शेगडीचा सिरीयल नंबर. तो पाठवला की मग पुढचं."

तो बराच वेळ आत बघत राहिला. टॉर्च तिरपा केला. बोट फिरवून पाहिलं. खिशातून कागद काढून पट्टीवर धरला आणि त्याच्यावरून पेन्सिल घासली. कागदावर नुसता काळा पट्टा उमटला.

"मावशी, इथला नंबर कुणी पुसला?"

"पुसेल कोण? मी घासते तिथे."

"कशाने?"

"कशाने म्हणजे? पावडर न् काथ्या."

चौकटीवरची ती पट्टी आरशासारखी झाली होती. आचारी असता तर त्याने तिच्यात मिशी बघितली असती. पण त्या पट्टीवर कधीकाळी छापलेला नंबर, बाईने इतक्या वर्षांत इमानेइतबारे घासून घासून, नामशेष केला होता.

बाईने धावत जाऊन प्लॅनचा कागद आणला. "हा बघ, इथे आहे नंबर."

"कागदावर आहे हो. शेगडीवर नाही ना. कागदावरची शेगडी हीच कशावरून?"

"अरे, माझ्या घरात दुसरी कुठून येईल? मी काय शेगड्या बदलत फिरते?"

"मला पटतंय मावशी. माझ्या फोनला पटत नाहीये." त्याने फोन पुढे धरला. त्यात दोनच पर्याय होते. एक, नंबर वाचता येतो, फोटो जोडा. दुसरा, नंबर काढून टाकला आहे. घासून गेला असा तिसरा पर्याय कुणी ठेवलाच नव्हता. असा प्रसंग येईल हे कुणाच्या डोक्यात आलं नसणार. मेकॅनिकने डोकं खाजवलं, कुणाला तरी फोन केला, मान हलवत ठेवला. मग दुसऱ्या पर्यायावर बोट टेकलं. बोट टेकताना त्याने बाईकडे बघितलं नाही. पाणी मात्र सगळं प्यायला आणि पेला स्वतः विसळून ठेवला.

बाईने पुन्हा पुन्हा त्या मुलीला फोन लावला. कधी ती मुलगी असायची, कधी दुसरी. गोडी सगळ्यांची सारखीच. "मॅडम, नंबर काढलेल्या वस्तूला प्लॅन लागू होत नाही."

"काढला नाही गं बाई, घासला!"

"हो मॅडम. आमच्याकडे काढला असंच दिसतंय."

"मग इतकी वर्षं हप्ते कशाचे घेतलेत?"

"संरक्षणाचे, मॅडम. तुम्ही निर्धास्त राहावं म्हणून."

"ते मी राहिले हो," बाई म्हणाली. "राहिले खरी निर्धास्त." आणि तिने फोन ठेवला.

मग तिने गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला नंबर-बिंबर काही नको होता. त्याने पाठीमागचं पत्र्याचं झाकण उघडलं, नाक आत घालून हुंगलं आणि म्हणाला, "बोर्ड जळालाय. हा बोर्ड आता बनत नाही. कुठून जुना मिळाला तर बसवून देतो, पण त्याच्या पैशात अर्धी नवी शेगडी येईल. आणि चालेल किती दिवस, ते मी सांगणार नाही." नवीन शेगडीचा आकडाही त्याने सांगितला. बाई तो आकडा ऐकून स्टुलावर बसली. तेवढे पैसे तिने एकरकमी आयुष्यात एकदाच बघितले होते, नवऱ्याच्या हातात, आणि त्यातून तर ही शेगडी आली होती.

शेजारीण मनाने चांगली, फक्त तिच्या तोंडाला झाकण नाही. ती आपली छोटी विजेची प्लेट घेऊन वर आली. "घे, यावर भात तरी होईल." प्लेट भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावली. पाण्याला जेमतेम आधण येतंय तोच फट्दिशी आवाज झाला आणि सगळ्या जिन्याचे दिवे गेले. घरमालक धापा टाकत वर आला. "वायरिंग जुनं आहे, सांगितलंय ना! पुन्हा असलं काही लावलंत तर खोल्या खाली करा." शेजारणीने प्लेट काखोटीला मारली आणि आल्या पावली गेली. जाड वायरीवर ती प्लेट लावता येईल का, असं बाईने दुरुस्तीवाल्याला विचारून पाहिलं. त्याने हात जोडले. "मावशी, मला तुरुंगात नाही जायचं."

तेव्हापासून बाई पाव खाऊ लागली. पाव, बिस्किटं, केळी, दही. गारठ्याचे दिवस होते. पोटात काही गरम नसलं की रात्र लांबते, हे तिला या वयात कळलं.

मुलगा रोज संध्याकाळी फोन करायचा. "काय केलंस आज, आई?"

"भात टाकलाय. बटाट्याची भाजी. थोडी करपली बघ, फोनवर बोलत बसले ना."

"काल काय केलं होतंस?"

"काल वांगं. तुला आवडायचं तसं, तेलावर."

बाई या खोट्यात फार रंगायची. फोडणी घालायची, मीठ चाखायची, कोथिंबीर महाग झाली म्हणून कुरकुरायची. फोन ठेवल्यावर पावाचा तुकडा दह्यात बुडवायची. एकदा मुलगा म्हणाला, "आई, तू सांगतेस ना, मला इथे भूक लागते." बाईला त्या दिवशी पावही गिळवला नाही.

आणि मग एका रविवारी, न सांगता, मुलगा आणि सून दारात उभे. सून गुणाची. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, तुम्ही बसा. आज चहा मी करते."

"अगं नको, मी करते की. तू दमून आलीस."

"बसा हो."

बाई बसली. दुसरं काय करणार होती? सुनेने पातेलं ठेवलं, बटण फिरवलं. थोडं थांबली. दुसऱ्या कॉइलचं बटण फिरवलं. मग हळूच हाताचा तळवा कॉइलच्या वर धरला.

"आई, ही तापत नाहीये."

"कालपासून जरा..." बाई म्हणाली. "माणूस येणार आहे उद्या."

तेवढ्यात आवाज ऐकून शेजारीण दारात आली. "काल कुठली! महिना होत आला की. पावावर आहे बिचारी. मी म्हणत होते मुलाला कळव, ऐकते कुठे? बरं झालं रे बाबा आलास."

तिला वाटलं आपण भलं केलं. सगळ्यांचे चेहरे बघितले तशी ती जिना उतरून गेली.

मुलगा चिडला नाही. चिडला असता तर बाई भांडली असती. भांडायला ती कमी नव्हती. तो फळीजवळ गेला, पावाचं पुडकं बघितलं, बिस्किटांचे रिकामे डबे बघितले. "वांगं तेलावर, आई?" एवढंच म्हणाला.

बाईने खाली मान घातली. मग एकदम म्हणाली, "नवी घेऊ या ना रे. मी फेडीन हळूहळू."

"कशातून?"

"प्लॅन बंद झाला ना. तो हप्ता वाचतोय."

मुलगा कसंनुसं हसला. तो बसच्या डेपोत तिकिटांचा हिशेब लावणारा माणूस. त्याच्याही घरात महिना पुरत नव्हता. आणि असते पैसे, तरी त्याने घेतली नसती. हे दोघांनाही कळत होतं. "शेगडीचं नाही गं आई," तो म्हणाला. "तू महिनाभर मला भाज्या सांगितल्यास. उद्या तू पडलीस तरी सांगशील, उभी आहे म्हणून. मी कसा झोपू?"

बाई उठून फळीवरची पातेली उतरवू लागली. ती स्वतः आई होती आणि झोप न लागणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं.

खोल्या सोडताना घरमालकाने महिन्याची मुदतही मागितली नाही. त्याच्याकडे भाडेकरू तयार होता, जास्त भाडं देणारा. भंगारवाल्याचे दोघे जण शेगडी जिन्यावरून उतरवताना वळणावर अडले, तेव्हा बाई वरून ओरडली, "तिरपी करा, तिरपी! पोचा पडेल!" त्यांनी वर बघितलं आणि एकमेकांना डोळा मारला. भंगाराला पोचा काय आणि चकाकी काय, वजनावर जातं सगळं.

मुलाच्या घरी तिला खिडकीजवळची खाट दिली. पोत्यात बांधून आणलेली तिची पातेली माळ्यावर गेली, कारण खाली फळीवर जागाच नव्हती. संध्याकाळ झाली. स्वयंपाकघरात दिवा लागला. सून हात पुसत बाहेर आली आणि मायेने विचारलं, "आई, तुमच्यासाठी काय करू जेवायला?"

बाईने जरा विचार केल्यासारखं केलं.

"काहीही चालेल," ती म्हणाली.

"तरी?"

"तुम्ही जे खाल ते."

सून आत गेली. थोड्या वेळाने फोडणीचा आवाज आला. मोहरी कच्ची राहिली, हे बाईला बसल्या जागी ऐकू आलं.